रकान्यात मावेल एवढं नाव

खाणीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर माणसाच्या नावाला बावीस घरं मिळायची, एका अक्षराला एक. आडनाव, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मधल्या रिकाम्या जागा, सगळं त्यात बसवायचं. त्यापुढचं घर पाळीचं. तिथे नावाचं शेपूट घुसलं की मशीन त्या अक्षरालाच पाळी समजायचं, आणि चांगला धडधाकट माणूस कागदावर कुठल्याच पाळीत राहायचा नाही. माझा दादा त्या बावीस घरांत आरामात मावत होता. वहिनीचं नाव मावलं नाही, आणि ते आठवलं की मला आजही आधी राग येतो, रडू मागाहून येतं.

आमचं गाव दिघोरी, धानाचं. बापानं सत्तरच्या आसपास कधीतरी जपानी पद्धतीनं रोवणा करायचं मनावर घेतलं. आमच्याकडे बायका धानाचा रोवणा करत त्या आपल्या अंदाजानं, मागे सरत सरत, हाताला येईल तिथे रोप खोचत. बापानं मात्र दोरी आणली, तिला ठरावीक अंतरावर लाल चिंध्या बांधल्या, आणि एक टोक दादाच्या हातात, दुसरं माझ्या हातात देऊन आम्हाला बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, समोरासमोरच्या दोन धुऱ्यांवर उभं केलं. चिंधीखाली रोप, चिंधीखाली रोप. रोवणाऱ्या बाया हसून लोटपोट.

"काहो, धान लावून राहिले का वहीत लिवून राहिले?"

बाप नुसती दोरी पुढे सरकवायला लावायचा. दादा पलीकडून ओरडायचा, "दोरी ढिली नको सोडू वो!" आणि मी ताणली की मुद्दाम हिसका द्यायचा. मी चिखलात. दर वर्षी एकदा तरी मी चिखलात पडायचीच, आणि दर वर्षी तो असा चेहरा करायचा की जणू दोरीनंच हिसका दिला. त्या बांधीतल्या ओळी मात्र इतक्या सरळ असायच्या की धुऱ्यावरून चालताना प्रत्येक दोन ओळींमधलं पाणी शेवटपर्यंत दिसायचं. मला ते बघायला फार आवडे. माझ्या पुढच्या आयुष्याची नोकरी हीच आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी दोरीच सोडली असती.

दादा दहावीनंतर तुमसरच्या वरच्या अंगाला एका मॅंगनीजच्या खाणीत लागला. आधी वर, मग जमिनीखाली. मी भंडाऱ्याला बी.एस्सी. केलं, नागपूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि खाणीच्या ऑफिसात मशीन आलं तेव्हा दादानंच अर्ज आणून दिला. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा तो काळ. वसाहतीतल्या दादाच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायला लागलो. दादा, वहिनी आणि मी.

वहिनीच्या नावाची गोष्ट इथेच सांगून टाकते. नाव मी लिहिणार नाही, पण ते लांबलचक, गोड नाव होतं. तिच्या आईनं हौसेनं ठेवलेलं. लग्नात आमच्याकडे नवरीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं बोटानं नवं नाव लिहायचं. आत्यानं नाव शोधूनही ठेवलं होतं, दोन अक्षरी, सुटसुटीत. दादानं ताटात तिचं जुनंच नाव लिहिलं. सगळ्या मांडवासमोर.

"नाव कायले बदलवता?" तो म्हणाला. "चांगलं तं आहे."

आत्या वर्षभर फुगून होती. पण दादाला ते नाव फारच आवडलं होतं. दिघोरीला मोठ्यांसमोर तो वहिनीला नावानं हाक मारायचा नाही, पण वसाहतीत आल्यावर त्याला कोणाची भीती? पाळी संपवून आला की फाटकातूनच तिला पुरं नाव घेऊन हाक मारायचा, एकही अक्षर न गाळता. शेजारणी हसायच्या. वहिनी आतून "ऐकू येते, ऐकू येते" करत लाजून लाल व्हायची. ती स्वतः मात्र दादाचं नाव कधी घेत नसे. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, हे तिच्या आईनं तिला दूधभाताबरोबर भरवलं होतं. मी छळायची, "घे ना एकदा, कोणी नाही ऐकत." तर म्हणायची, "तू हायेस ना." दुनियेत तिचं नाव घेणारा माणूस एकच होता. बाकी सगळ्यांना ती वहिनी, सून, काकू.

आता ऑफिसचं सांगते. नागपूरहून महिन्यातून एकदा येणाऱ्या साहेबांनी हजेरीचा प्रोग्रॅम लिहिला होता. माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा एवढंच. आज कोणी ऐकलं तर हसेल, पण कामगारांची नावं वेगळीकडे कुठे साठवलेली नव्हती, प्रोग्रॅमच्या पोटातच एकाखाली एक लिहिलेली होती. आधी दिव्याचा नंबर, मग नाव, मग पाळी. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवाघरातून डोक्याला लावायचा दिवा मिळतो, त्याचा नंबर म्हणजेच माणसाचा नंबर. वर काम करणाऱ्यांनाही हजेरीसाठी नंबर असेच. कोणी नवीन आला, कोणी सुटला, कोणाची पाळी बदलली, की मी काळ्या पडद्यावर ती ओळ उघडायची आणि हिरवी अक्षरं बदलायची. मग नवी यादी छापायची. सकाळी हजेरीबाबू ती यादी खिडकीतून मोठ्यानं वाचायचा आणि लोक "हाजर" म्हणत दिवाघराकडे सरकायचे.

प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला होता तिच्यात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. पहिली सहा घरं ओळीच्या नंबरासाठी. सातवं घर खुणेचं. मजकूर त्यानंतर. आणि बहात्तराव्या घरापुढे काही लिहिलं तर मशीन ते वाचतच नाही. तक्रारही करत नाही. पडद्यावर अक्षर दिसतं आहे, आणि मशीनच्या लेखी ते नाहीच. मला पहिल्या आठवड्यात टॅबच्या बटणाचा फार मोह पडला. एकदा दाबलं की अक्षरं टुणकन पुढच्या रकान्यात. पडद्यावर सगळं कसं आखल्यासारखं. छापून आलं तेव्हा नावं अशी वाकडीतिकडी की दारू पिऊन उभी आहेत. टॅबची उडी किती लांब, हे पडद्याचं गणित वेगळं आणि छपाईचं वेगळं. साहेबांनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "स्पेसबार. एकेक घर. कंटाळा आला तरी."

मग मी बापाची दोरी काढली. म्हणजे काळा दोरा घेतला, खाली एक नट बांधला आणि मॉनिटरच्या वरून खाली सोडला, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. पाळीचं घर दोऱ्याच्या बरोबर उजवीकडे आलं पाहिजे. ऑफिसातले लोक कॉम्प्युटरला नजर लागू नये म्हणून दोरा बांधलाय असं समजून चिडवायचे. समजू दे. माझी यादी सरळ असायची. घरी सांगितलं तेव्हा दादा जेवता जेवता हसला.

"म्हणजे दोरी अजूनही माह्याच बहिणीच्या हातात," तो वहिनीला म्हणाला. "अन् हिसका द्याले आता मी नाही."

त्यानंतरच्या रोवण्याला तो सुट्टी घेऊन दिघोरीला गेला. वहिनीही गेली. मला सुट्टी नव्हती. तिथे त्याला ताप आला. आमच्याकडे पावसाळ्यात ताप कोणाला येत नाही? दोन-तीन दिवस अंगावर काढला, ताप डोक्यात गेला, भंडाऱ्याला नेईस्तोवर तो माणसं ओळखेनासा झाला होता. मी पोचले तेव्हा वहिनी दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, सकाळपासून मले एकदाही हाक नाही मारली." दुपारी तो गेला. त्यांना मूलबाळ नव्हतं.

आमच्या खाणीतलं कोणी वारलं तर त्याचा दिवा तेरवीपर्यंत खुंटीवर तसाच ठेवत, न पेटवता. तो नंबर तोवर कोणाला देत नसत. हा कुठे लिहिलेला नियम नव्हता, दिवाघरातल्या माणसांची रीत होती. मशीनला मात्र रीत ठाऊक नसते. मी तेरवी करून परत आले तेव्हा टेबलावर चिठ्ठी होती, दादाची ओळ काढून टाकायची. मी ओळ उघडली. त्याचा नंबर, त्याचं नाव, बापाचं नाव, पहिली पाळी. एका बटणाचं काम. माझ्यानं झालं नाही. मी पहिल्या घरापासून एकेक घर सरकत सातव्यात आले आणि तिथे एक चांदणीची खूण टाकली. सातव्या घरात चांदणी असली की मशीन ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. पण ओळ तिथेच राहते. यादीत नाव छापलं जात नाही, आणि प्रोग्रॅम उघडला की दिसतं. दिवा खुंटीवर ठेवल्यासारखंच ते. साहेब पुढल्या खेपेला म्हणाले, "हा कचरा कशाला ठेवलाय?" मी म्हटलं, "राहू द्या, सर." माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी ती ओळ तशीच ठेवली.

वहिनीला काही महिन्यांनी दादाच्या जागी नोकरी मिळाली. बायकांना खाली उतरवत नाहीत, म्हणून दिवाघरात, दिवे पुसायचं आणि चार्जिंगला लावायचं काम. नंबर कुठला द्यायचा हा प्रश्न आला तेव्हा दिवाघरातली माणसंच म्हणाली की तोच द्या, दुसरं कोणी तो घ्यायला तयार नाही, घरातला नंबर घरात राहील. मला बरं वाटलं. चांदणी काढायची, आणि त्याच ओळीवर वहिनीचं नाव लिहायचं.

तर ते मावेना.

आडनाव. मग तिचं नाव, इंग्रजी अक्षरांत आणखीच लांब झालेलं. त्यानंतर दादाचं नाव यायचं, तर त्याची पहिली दोन अक्षरं लिहिली आणि बावीस घरं संपली. दोरा माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता आणि दादा त्याच्या पलीकडे जात होता. मी नावाची घरं वाढवून पाहिली. वाढवली तर सगळ्यांचीच वाढवावी लागतात, रकाना एकट्यासाठी रुंद होत नाही. तेही केलं, शेकडो ओळी, एकेक घर सरकवत. तर प्रत्येक ओळीचं शेपूट बहात्तराच्या पुढे गेलं आणि सगळ्यांचीच पाळी मशीनला दिसेनाशी झाली. सगळं परत मागे घेतलं. पुन्हा एकेक घर. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, नवऱ्याचं एक अक्षर ठेवा, सगळीकडे तसंच करतात. आणि ते खरंही होतं.

मी छापलेली ओळ वहिनीला दाखवायला दिवाघरात घेऊन गेले. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी बोट ठेवून सांगितलं, हे आडनाव, हे तुझं नाव, हे दादाचं.

"एवढंसंच?" ती म्हणाली. हात पुसून तिनं कागद जवळ घेतला. "हे तं नखाएवढं आहे."

"जागा नाही, वहिनी. साहेब म्हणतात एक अक्षर चालते."

"सकाळी बाबू वाचते, तं हे वाचन का तो?"

"एक अक्षर कोण वाचतं? आडनाव अन् तुझं नाव वाचतील. किती दिवसांनी कोणीतरी तुझं नाव घेईल, ते पहा ना." मी हे मुद्दाम म्हटलं. मला खरंच वाटत होतं की निदान सकाळी एकदा, उघड्यावर, सगळ्यांसमोर ते नाव उच्चारलं जावं.

तिनं डोकं हलवलं. "माह्यं नाव कर एका अक्षराचं. त्याईचं पुरं लिव."

"काहून पण? नोकरी तुझी आहे. काम तू करून राहिली."

"बाई, मले त्याईचं नाव घेता येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "घरात तू दादा म्हणतेस. दिघोरीले गेली तं बाबा पोरगा म्हणते. नाव कोनीच घेत नाही. बाबू तं घेईन. रोज घेईन."

मी चिडले. दादानं मांडवात आत्याशी वैर घेऊन राखलेलं नाव ते, तू असं टाकून देतेस, असंही बोलले. ती दिव्याची काच पुसत राहिली. माझी बडबड थांबल्यावर म्हणाली, "झालं? आता लिव." मी लिहिलं. आडनाव, तिचं एक अक्षर, दादाचं पुरं नाव. आरामात मावलं. मधलं एक अक्षर आणि शेवटचं बापाचं नाव सोडलं तर ती जुनीच ओळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीबाबूनं ते एक अक्षर गाळून दादाचं नाव वाचलं. खिडकीसमोरच्या माणसांनी मागे वळून पाहिलं. दिवाघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "हाजर." मी ऑफिसच्या आत होते, मला दोन्ही ऐकू आलं. त्यानंतर रोज सकाळी हे व्हायचं. लोकांना सवय झाली. बाबूला झाली. मला झाली नाही. मी त्या वेळेला प्रिंटर सुरू करून ठेवायची, त्याच्या खरखरीत काही ऐकू येत नसे.

पुढे खाणीत दुसरं मशीन आलं, ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटी. आता नावं प्रोग्रॅमबाहेर, वेगळी. नावाला चाळीस घरं, आणि माझा दोरा नव्या पडद्यावर त्या चाळिसाच्या कडेला. सगळ्यांची नावं नव्यानं भरायचं काम माझ्याकडेच आलं. वहिनीची ओळ आली तेव्हा मी तिला न विचारता सगळं लिहिलं. आडनाव, तिचं पुरं नाव, दादाचं पुरं नाव. मला इतका आनंद झाला होता की मी ती ओळ पुन्हा पुन्हा पडद्यावर आणून पाहिली. दोघं एका ओळीत, आणि नंतरही मोकळी जागा.

यादी छापून गेली. त्या सकाळी मी प्रिंटर सुरू केला नाही, मुद्दाम खिडकीशी उभी राहिले. बाबू वाचत वाचत आला, आडनाव वाचलं, वहिनीचं नाव वाचलं आणि थांबला. एवढ्या लांब नावांत तिसरं नाव वाचायला कोणाला वेळ असतो? 'हाजर' कोणी म्हटलं नाही. त्यानं पुन्हा वाचलं, जरा चिडून. माणसं एकमेकांकडे पाहू लागली, ही कोण नवी आली म्हणून. वहिनी दिवाघराच्या दारात उभी होती. तीही इकडेतिकडे पाहत होती, कोणाला बोलावून राहिले ते. मीच खिडकीतून ओरडले, "वहिनी, तू! तुलेच बोलावून राहिले!"

ती दचकली. "हाजर," म्हणाली. पण ते तोंडातल्या तोंडात. बाबू पुढे गेला.

दुपारी ती ऑफिसात आली. कधी यायची नाही. दाराशी चपला काढून, त्या थंडगार खोलीत पदर अंगाभोवती ओढून माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"बाई, त्याईचं नाव काढलं का तू?"

"नाही काढलं. हे बघ, आहे." मी ओळ दाखवली, बोट ठेवलं. "इथे तू, इथे दादा. पुरा."

"बाबूनं घेतलं नाही."

"मी सांगीन बाबूला."

"तो एक दिवस घेईन. मंग घेनार नाही." हे तिचं खरं होतं. ती पडद्यावरच्या अक्षरांजवळ वाकली, वाचता येत नव्हतं तरी. मग म्हणाली, "पयल्यासारखं कर."

"वहिनी, आता जागा आहे. दोघांनाही पुरते."

"जागा असन," ती म्हणाली. "त्या नावानं मले आता कोन वयखते? मीच वयखलं नाही." आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दिव्याच्या बॅटरीचा वास असलेला. "कर ना वो."

मी केलं. तिच्या नावाच्या दुसऱ्या अक्षरावर आले आणि एकेक अक्षर पुसत गेले. पुसलं तसं दादाचं नाव डावीकडे सरकत आलं आणि पाळीचं घरही त्याच्याबरोबर मागे आलं, दोऱ्यापासून दूर. तिच्या नावाची पुसली तेवढीच घरं शेवटी उघडी पडली. ती मी स्पेसबारनं भरली, एकेक करून, पाळी पुन्हा दोऱ्याला लागेपर्यंत. वहिनी मागे उभीच होती. सकाळी बाबू नीट वाचील ना, एवढंच तिनं विचारलं, आणि मी हो म्हटलं.